साडेसहाचं ड्रिल

१. सर्व भाग खोक्यातून काढून तपासून घ्यावेत.

मिस्त्रीनं भाग तपासले. मग पुन्हा तपासले. बाकावर जुनी चादर अंथरून सगळं ओळीनं मांडलं: कार्ब्युरेटरच्या जागी बसणारी थ्रॉटल बॉडी, पेट्रोलचा विजेवरचा पंप, जाड रबरी नळ्या म्हणजे होज, सायलेन्सरच्या पाइपात बसून धूर हुंगणारा सेन्सर, आणि या सगळ्याचा मेंदू असलेली एक काळी डबी, जिच्यातून तारांच्या जटा लोंबत होत्या. तिसऱ्यांदा मोजायला त्यानं बोट उचललं तेव्हा दारातल्या स्टुलावरून आवाज आला.

"दादा, परीक्षेला बसलायस का? पाठ झालं असेल तर लाग कामाला."

हा छोट्या, मिस्त्रीचा धाकटा भाऊ. वय अठ्ठेचाळीस, डोक्याला टक्कल, मिशी पांढरी, तरी घरात आणि गल्लीत छोट्याच. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. त्या जागी जो होता तो त्यानं सकाळी स्वतःच्या हातानं बांधला होता आणि बुटांना पॉलिश केलं होतं. दोन्ही बुटांना.

"कागदात लिहिलंय, तपासा म्हणून," मिस्त्री म्हणाला.

"कागदात! तू कधीपासून कागद वाचायला लागलास? बाबा असते तर चष्मा फेकून मारला असता."

बाबांनी मारला असता खरा. याच गॅरेजात त्यांनी चाळीस वर्षं गाड्या कानानं आणि नाकानं दुरुस्त केल्या. मधोमध उभा असलेला गेंडाही त्यांचाच: चौकोनी नाकाची, चारही चाकांनी ओढणारी जुनी गाडी, भंगारातून आणून उभी केलेली. तिचा मागचा पत्रा मिस्त्रीनं ठोकून सरळ केला होता, पण उजेड तिरका पडला की सुरकुत्या दिसायच्याच.

कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवायचं हे काम मिस्त्रीनं दोन वर्षं पुढं ढकललं होतं. आधी म्हणाला, पत्रा होऊ दे. पत्रा झाला. मग म्हणाला, तुझ्या पायाचं बघू. पाय आला. मग म्हणाला, क्लच डाव्या पायाचा, दाबणार कसा? छोट्या म्हणाला, दांडा लाव. मिस्त्रीनं स्टिअरिंगखाली हाताचा दांडा लावून दिला, फार सुरेख लावून दिला, आणि त्या दिवशी त्याच्याजवळची कारणं संपली.

"आता गेंडा चढावर मरायचा नाही," छोट्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. "कार्ब्युरेटरच्या पोटात वाटी असते. वाटीत पेट्रोल. गाडी चढाला लागली की वाटी कलते, पेट्रोल नको तिकडं सांडतं, इंजिनाला ठसका लागतो. इंजेक्शनमध्ये वाटीच नाही. कलणार काय, कपाळ?"

बरोबर होतं त्याचं. मिस्त्रीची तक्रार इंजेक्शनबद्दल नव्हतीच. नवं बसवायला जुनं उतरवावं लागतं, एवढीच अडचण होती. आणि ते उतरवलेलं छोट्याला उघडून, धुऊन, चकचकीत करून हवं होतं. घरी खिडकीत ठेवायला.

उघडलं की मोजता येतं.


अहवालाची प्रत. (गॅरेजच्या कपाटात, सगळ्यांत खालच्या खणात, चार घड्या घातलेली.)

कामाचे स्वरूप: डोंगरावरील टॉवरकडे सामान पोचवणे.

घटना: तिसऱ्या वळणावर, चढावर इंजिन बंद पडले. ब्रेक धरण्याआधी वाहन उलटे घरंगळून खडकावर आदळले. चालकाचा डावा पाय सापडून चिरडला.

वाहनाची तपासणी: दुसऱ्या दिवशी सपाट जागी इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू झाले. पेट्रोल पुरेसे. ब्रेक योग्य. वाहनात दोष आढळला नाही.

निष्कर्ष: चढावर क्लच चुकीचा सोडल्याने इंजिन बंद पडले. चूक चालकाची.

चालकाचे म्हणणे: असेल.


हॉस्पिटलात पडल्या पडल्या छोट्यानं एवढा एकच शब्द सांगितला होता. वीस वर्षं डोंगरावर सामान नेणारा माणूस. त्यानंतर कुणी त्याच्या हातात हातगाडीसुद्धा दिली नाही. तोंडावर कुणी बोलत नसे. पण 'क्लच' हा शब्द आला की लोक विषय बदलायचे, आणि मग छोट्याच बोलायचा. "पायानं चूक केली, पायालाच शिक्षा झाली. बाकीचा मी निर्दोष सुटलो." लोक हसायचे. मिस्त्री वाकून गाडीखाली काहीतरी शोधायचा.

अहवालात एक गोष्ट नव्हती, कारण ती कुणी विचारलीच नाही. त्या दिवसाच्या तीन दिवस आधी गेंड्याचा कार्ब्युरेटर मिस्त्रीनं उघडला होता, साफ केला होता, आणि स्वतःच्या हातानं जुळवून परत बसवला होता.


४. जुना कार्ब्युरेटर उतरवावा. खालच्या तोंडात काही पडू नये म्हणून ते फडक्याने झाकावे.

चार नट. दोन सहज निघाले, तिसरा रुसला, चौथ्याला तेल पाजावं लागलं. पेट्रोलची नळी सुटली तसा शिळ्या वार्निशसारखा वास आला. दोन वर्षं आत सुकत बसलेलं पेट्रोल. मिस्त्रीनं उघड्या तोंडावर फडकं टाकलं आणि कार्ब्युरेटर दोन्ही हातांत धरून मागच्या खोलीकडं निघाला.

"इथंच धू की," छोट्या म्हणाला. "बघू दे मला पण. वीस वर्षांची ओळख आहे."

"आत बाक आहे."

"बाहेर पण बाक आहे."

"आत उजेड आहे," असं म्हणून मिस्त्रीनं दार लोटून घेतलं. आत एकच खिडकी होती आणि तिच्यावर टायर टेकवलेले होते.

झाकणाचे स्क्रू काढले. झाकण उलटं धरलं. त्याला लटकलेला फ्लोट दिसला. फ्लोट म्हणजे पितळेची पोकळ डबी. वाटीतल्या पेट्रोलवर तरंगते, आणि पुरेसं पेट्रोल आलं की वर येऊन सुईनं तोंड बंद करते. ती झाकणाच्या जरा जवळ राहिली की वाटीत पेट्रोल जरा जास्त साठतं. सपाटीवर ते कुणाला कळत नाही. चढावर कळतं.

हे अंतर मोजायची बाबांची एक पद्धत होती. या जातीच्या कार्ब्युरेटरसाठी त्यांच्याकडं एक ड्रिल होतं, साडेसहा मिलिमीटरचं. जन्मात त्यानं एक भोक पाडलं नाही. झाकण आणि फ्लोटच्या मधून ड्रिलचा गुळगुळीत दांडा सरकवायचा. लागला-न-लागला असा गेला की काम झालं. ते ड्रिल क्रीमच्या चपट्या डब्यात, फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेलं असायचं. बाबा गेल्यावर डबा मिस्त्रीकडं आला. मिस्त्रीकडं अचूक माप घेणारा व्हर्निअर होता, चांगला होता. पण बाबांच्या ड्रिलला व्हर्निअर लावायचा म्हणजे बाबांनाच दारात अडवून ओळखपत्र मागायचं.

आज त्यानं व्हर्निअर फ्लोटला लावला.

साडेपाच.

डोळे पुसून पुन्हा लावला. साडेपाच.

मग डबा काढला. डबा तोच, फडकं तेच, तेलाचा वास तोच. फडकं उलगडून त्यानं ड्रिलला व्हर्निअर लावला, आणि कुठंतरी आत बाबांची माफी मागितली.

साडेपाच.

खिडकीवरचा टायर बाजूला ढकलून त्यानं ते ड्रिल उजेडात धरलं. बाबांनी त्यांच्या ड्रिलच्या शेपटीला कानशीनं एक खाच पाडली होती, दुसऱ्यांत मिसळू नये म्हणून. याला खाच नव्हती. हे ते नव्हतंच. दोन वर्षांपूर्वी त्यानं डबा उघडला तेव्हा आत काय आहे ते बोटांनी पाहिलं होतं, डोळ्यांनी नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं त्याच्या मनात पहिल्या दिवसापासून होतंच की आपण जुळवलेलं काहीतरी चुकलं असावं. काय, ते माहीत नव्हतं. म्हणून तर उघडलं नव्हतं. आता त्या 'काहीतरी'ला आकडा आला.


छोट्या, ऐक.

छोट्या, तुझा पाय त्या दिवशी

अरे, तो कार्ब्युरेटर उघडला ना, तर त्यात जरासं

जरासं नाही. एक मिलिमीटर.

छोट्या, तू नेहमी म्हणतोस ना की पायालाच शिक्षा

चहा घेणार का?

"घेणार," बाहेरून छोट्या म्हणाला. "पण तुला आत बसून कसं कळलं मला चहा हवाय ते?"


७. विजेच्या तारा प्रशिक्षित व्यक्तीकडून जोडून घ्याव्यात.

प्रशिक्षित व्यक्ती दुपारी आली, हातात पत्र्याची पेटी आणि दातांत टेपचा तुकडा. छोट्याची बायको मोटारी बांधायची. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी, वेढा मोजून, भरायची. तिचं वाइंडिंगचं दुकान गॅरेजच्या भिंतीला भिंत लावूनच होतं. तिनं मोजलेला वेढा कधी चुकला नाही असं लोक म्हणायचे. ती म्हणायची, चुकला की मोटार जळते, मग लोक कुठं सांगायला येतात?

"अहो, स्टूल सरकवा. तारा पायात येतायत."

"कुठल्या पायात? एकाला तर कळतही नाही."

"मग दुसऱ्याला विचारा आणि सरका."

छोट्या सरकला. ती गेंड्याच्या पोटात वाकली. काळ्या डबीची मुख्य तार थेट बॅटरीवर, पंपाला रिले, सेन्सरची तार सायलेन्सरच्या गरमीपासून दूर. कागदाकडं तिनं एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "ज्यानं हा काढलाय त्यानं आयुष्यात तार जोडलेली नाही." मिस्त्री तिच्या शेजारी बसून जुना पंप काढल्यावर इंजिनाला उरलेल्या भोकावर पत्री आवळत होता. हात चालत होते. डोकं मागच्या खोलीत होतं. डब्यातलं ड्रिल बदललं कुणी? गॅरेज म्हणजे धर्मशाळा. कोण येतं, कोण जातं, पाना नेतं, पेचकस नेतं. कुणीही असेल. कुणीही असलं तरी व्हर्निअर लावायचा होता तो त्यानं.

"भाऊजी, इंजिनाची अर्थिंग जरा सैल ठेवते हं. स्प्रिंगसारखी. इंजिन थरथरलं तरी तुटायची नाही."

तिनं पेटी उघडली. आत ड्रिलच ड्रिल होती, बारीकपासून अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंत. भोकं पाडायला नव्हेत. जेवढी कॉइल हवी तेवढ्या जाडीच्या दांड्यावर ती तार गुंडाळायची. तिनं न बघता एक उचललं, त्याच्यावर तारेचे वेढे द्यायला लागली. एक, दोन, तीन. ड्रिलची शेपटी मिस्त्रीच्या डोळ्यांसमोर गोल फिरत होती.

शेपटीला खाच होती.

"हे ड्रिल," तो म्हणाला.

"हे ना? तुमचंच आहे." ती वेढे मोजत होती, म्हणून जरा थांबून बोलली. "सहा. सात. कधीचं द्यायचं राहिलंय. साडेसहाचं माझ्याकडं नव्हतं, म्हणून नेलं होतं. डबा रिकामा दिसायला नको म्हणून माझ्यातलं एक ठेवलं त्यात. जुनं स्टील आहे हो, वाकतच नाही. घ्या, आज घेऊनच टाका."

"राहू दे."

"घ्या की. नाहीतर म्हणाल, घरातच चोर."

"राहू दे म्हटलं ना!"

ती चपापली. छोट्यानं स्टुलावरून मान वळवली. मिस्त्रीनं पाना उचलला आणि आधीच घट्ट असलेला बोल्ट घट्ट करायला लागला.

काखेत कळसा होता, आणि वळसा घालायला तो कधी निघालाच नव्हता. दोन वर्षं एका विटेच्या भिंतीपलीकडं ते ड्रिल तांबं गुंडाळून घेत होतं. या बाईनं दोन वर्षं नवऱ्याची जखम धुतली, पट्ट्या बांधल्या, त्याचे विनोद ऐकून हसली, आणि दुकानात जाऊन त्याच ड्रिलावर वेढे मोजले. सांगावं, तर उद्यापासून तिला ती पेटी उघडवणार नाही. न सांगावं, तर छोट्या आपल्या नसलेल्या पायाला दोषी धरून म्हातारा होणार. इकडं आड, तिकडं विहीर; आणि दोन्ही त्यानंच खणलेली.


९. इंजेक्शनमध्ये इंधनाचा दाब दहापटीने वाढतो. जुने होज व जुने क्लॅम्प पुन्हा वापरू नयेत.

हे मिस्त्रीला कागदानं सांगायची गरज नव्हती. कार्ब्युरेटर आपापलं पितो. इंजेक्शनला दाबून पाजावं लागतं. टाकीपासून पुढपर्यंत त्यानं नवे होज टाकले, जादा पेट्रोल टाकीत परत न्यायची दुसरी नळी ओढली, नळ्यांची तोंडं धरणारा एकेक क्लॅम्प आवळला. एकेक मोजून. फक्त शेवटचा, थ्रॉटल बॉडीजवळचा, त्यानं हाताला लागला तो घेतला. खिशातला. सकाळी कार्ब्युरेटरच्या नळीवरून काढलेला.

"चावी फिरवते," छोट्याची बायको म्हणाली. "इंजिन नाही, नुसता पंप."

पंप गुणगुणला. मग बारीक 'स्स' असा आवाज आला आणि इंजिनावर पेट्रोलचं धुकं उडालं, कोवळ्या पावसासारखं, मिस्त्रीच्या मनगटावर, कॉलरवर, वर टांगलेल्या दिव्याकडं.

"बंद!" मिस्त्री ओरडला, पण तिनं त्याआधीच बॅटरीची तार खेचली होती. दुसऱ्या हातानं तिनं दिव्याचा प्लग उपटला. अर्ध्या अंधारात तिघं तसेच थांबले. पेट्रोल टपटपत होतं.

ती दारं-खिडक्या सताड उघडायला गेली. छोट्या काठी टेकत उठून जवळ आला, वाकला, क्लॅम्पकडं पाहिलं आणि शिट्टी वाजवली.

"जुना लावलास? दादा, तू?"

मिस्त्री फडक्यानं मनगट पुसत राहिला.

"असू दे रे. घाबरलास का?" छोट्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या हातून एक चूक झालेली बघायला मला अठ्ठेचाळीस वर्षं लागली. खरं सांगू का? त्या दिवशी गेंडा मेला ना, तेव्हा गाडीत काही असेल हे माझ्या मनात एकदासुद्धा आलं नाही. चौकशीचा माणूस विचारत होता, गाडीत काही दोष होता का. मी मनात म्हटलं, वाटी कलली तरी काय, दादानं तीन दिवसांपूर्वीच बघितलीय. मग उरलं कोण? मीच. म्हणून म्हणालो, असेल."

मिस्त्रीनं फडकं खाली ठेवलं.

"माझ्या हातून झाली होती."

"काय?"

"चूक. फ्लोट चुकीचा लावला होता मी. एक मिलिमीटर. चढावर वाटी उतू गेली, इंजिनाच्या नाकातोंडात पेट्रोल गेलं. रात्रभरात सुकलं, म्हणून दुसऱ्या दिवशी सुरू झालं. तुझा पाय चुकला नव्हता."

छोट्याचा हात त्याच्या खांद्यावरच होता. तो काढून घ्यावा की ठेवावा हे जणू त्या हातालाच कळत नव्हतं.

"कधी कळलं?"

"आज मोजलं. सकाळी."

"आज मोजलं. वाटत कधीपासून होतं?"

इथं खोटं बोलता आलं असतं. नुसतं 'आजच' म्हणायचं होतं.

"पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे हॉस्पिटलात माझ्या उशाशी बसला होतास, तेव्हा."

"हो."

"मी 'असेल' म्हणालो, तेव्हा."

"तिथंच होतो."

आता हात निघाला. छोट्या दोन पावलं मागं गेला आणि स्टुलाला टेकला. त्याचा आवाज वाढला नाही. वाढला असता तर बरं झालं असतं.

"तो पाय खाजतो, माहितीये? नाही तिथं खाजतो. डॉक्टर म्हणाले, होतं असं. तेव्हा मी त्याला म्हणतो, भोग लेका, तुझ्यामुळंच झालंय सगळं. दोन वर्षं मी त्याला शिव्या घालतोय. माझ्याच पायाला." तो थांबला. "किती नट होते रे?"

"चार."

"उतरवायला किती वेळ लागला?"

मिस्त्रीनं खाली ठेवलेलं फडकं पुन्हा उचललं.

"किती?"

"वीस मिनिटं."

"वीस मिनिटं," छोट्या म्हणाला. पत्र्याचं, पायाचं, दांड्याचं कारण, सगळी कारणं तो आता एकेक करून आठवत असावा. त्याच्या चेहऱ्यावरून ती जाताना दिसत होती. मग तो अचानक हसला, ते हसणं मिस्त्रीनं आधी कधी ऐकलं नव्हतं. "आणि दांडा काय सुरेख लावून दिलास!"

"पण भाऊजी, असं कसं होईल?" खिडकीपाशी उभी असलेली छोट्याची बायको म्हणाली. "तुम्ही तर माप घेतल्याशिवाय काही लावत नाही. मघाशी ते ड्रिल…"

ती तिथंच थांबली. तिनं गेंड्याशेजारच्या आपल्या पेटीकडं पाहिलं.

"मी मोजलं नाही," मिस्त्री घाईघाईनं म्हणाला. "व्हर्निअर लावला नाही. चूक माझी. माझी एकट्याची."

फार घाईनं म्हणाला तो.


१२. प्रथम सुरू करताना ॲक्सिलरेटर दाबू नये.

नवा क्लॅम्प छोट्यानं स्वतः लावला. कुणाला हात लावू दिला नाही. पेट्रोलचा वास जाईपर्यंत तिघं बाहेर तीन वेगवेगळ्या जागी उभे राहिले. मग बायकोनं तार जोडली, चावी फिरवली, पंप गुणगुणला, होज कोरडा राहिला. छोट्यानं तिला बाजूला व्हायची खूण केली आणि दाराची चौकट धरून, नवा पाय आधी आत टाकून, गेंड्यात चढून बसला.

सवयीनं त्याचा हात चोक ओढायला गेला. चोक नव्हता. हात तसाच हवेत राहिला, मग चावीवर आला.

इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. खोकला नाही, मनधरणी नाही. बाबांच्या काळी गेंड्याला उठवायचं म्हणजे लाडक्या पोराला शाळेला उठवणं असायचं. आता कुणीतरी दिवा लावावा तसं झालं. छोट्यानं क्लचचा दांडा ओढला, गिअर टाकला, आणि कुणाकडं न बघता गेंडा गॅरेजबाहेर काढला.

गॅरेजच्या मागून पाण्याच्या टाकीकडं सिमेंटचा चढ जात होता, उभाच्या उभा, टँकरवालेसुद्धा शिव्या देत चढायचे असा. गेंडा तिकडं वळला.

"तुम्ही थांबवा त्यांना," ती म्हणाली.

"कुठल्या तोंडानं?"

ते दोघं दारात उभे राहून आवाज ऐकत राहिले. गाडी भिंतीआड गेली. आवाज चढत गेला, जड झाला, पण तुटला नाही.

"किती मिलिमीटरचं होतं?" ती म्हणाली. "मी ठेवलेलं."

"अगं, त्याचा काही…"

"किती?"

"साडेपाच."

तिनं मान हलवली, एखादा वेढा जमा करावा तशी. मग म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही गाडीखाली होतात. 'साडेसहाचं एक नेऊ का' म्हटलं. 'ने' म्हणालात."

मिस्त्रीनं आठवून पाहिलं. आठवलं नाही. पण गाडीखालून तो सगळ्यालाच 'ने' म्हणायचा. पाना, पेचकस, जॅक, काहीही. बाबा म्हणायचे, याच्या घराचं दार कुणी उपटून मागितलं तरी हा खालून 'ने' म्हणेल.

"कुठलं नेतेस ते मी विचारलं नाही," तो म्हणाला.

"आणि डब्यातलं नेतेय ते मी सांगितलं नाही. ड्रिल ते ड्रिल, असं वाटलं मला."

"तुला कसं माहीत असणार? बाबांनी मला सांगितलं होतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं." तो थांबला. "त्याला हे कळायला नको. मी सांगितलंय तेवढं पुरे आहे. खरं तर तेवढंच खरं आहे."

"भाऊजी, तुम्ही दोन वर्षं गप्प राहिलात. त्याचं काय झालं ते आत्ता आत बघितलंत ना?" तिनं पेटी उघडून खाचेचं ड्रिल काढलं. त्याच्यावर अजून तांब्याच्या तारेचा एक तुकडा अडकला होता. तिनं तो सोडवला, गुंडाळून खिशात टाकला. "मी किती वर्षं राहू?"

मिस्त्रीनं एखादं कारण शोधून पाहिलं. एकही उरलं नव्हतं.


१४. ही यंत्रणा स्वतः शिकते. सुरुवातीला इंजिन काही वेळ वेगवेगळ्या परिस्थितीत चालू ठेवावे.

भिंतीच्या कोपऱ्यावरून त्यांना गेंडा दिसला. चढाच्या बरोबर मध्यावर, सगळ्यांत उभ्या जागी, छोट्यानं तो थांबवला होता. नाक आभाळाकडं. डावा हात दांड्यावर, मागचे दिवे लाल. म्हणजे ब्रेकवर उभा होता. आणि इंजिन चालू होतं. तसल्या उभ्या जागी, नुसतं उभं राहून, शांत, एका लयीत.

आता वर जाईल, असं मिस्त्रीला वाटलं. गेला नाही. उलटा येईल, असं वाटून तो दोन पावलं पुढं झाला. आलाही नाही. गेंडा तिथंच थांबून राहिला, एक मिनिट, दोन मिनिटं. त्याला काय पाहायचं होतं ते तोच जाणे.

मग हॉर्न वाजला. एकदा. थोड्या वेळानं पुन्हा, जरा लांब.

"बोलावतायत," ती म्हणाली.

"तुला."

"नाव नाही घेतलं कुणाचं." तिनं पेटी काखेत मारली, खाचेचं ड्रिल मुठीत धरलं आणि चढाला लागली. सिमेंटवर तिच्या चपला सरकत होत्या. ती पुढं झुकून, हळू, पण न थांबता चालत होती.

मिस्त्री मागच्या खोलीत गेला. बाकावर कार्ब्युरेटर उघडाच पडला होता, झाकण उलटं, फ्लोट लटकलेला, धुतलेला नाही. त्यानं साडेपाचचं ड्रिल क्रीमच्या डब्यात ठेवलं, डबा खिशात घातला. व्हर्निअरही घातला. मग झाकण आणि कार्ब्युरेटर दोन हातांत घेतले आणि तिच्या मागं तोही चढायला लागला.